रिकामं परत देऊ नये

त्या दुपारी शाजिया निघाली होती ती अगदी साध्या कामाला. वरच्या मजल्यावरच्या खदिजाभाबीचा डबा परत द्यायचा होता. डबा स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, आणि तो मुळात कुणाचा हे आता दोघींनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. बहारिनमधल्या सनाबिसच्या त्या इमारतीत शाजिया नवी राहायला आली, तेव्हा खदिजाभाबीने त्यातून सांदणं पाठवली होती. श्रीवर्धनची बाई, हात सढळ. आता भरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शाजिया दापोलीकडची. तिने त्यात ओल्या नारळाच्या वड्या घालून डबा वर पोचवला. मग भाबीला पुन्हा काहीतरी घालून पाठवणं आलं. असा तो डबा कित्येक वर्षं खालीवर करत होता, आणि थांबवायचा कुणी हे काही ठरत नव्हतं. शाजियाचा नवरा तौकीर थट्टेने म्हणायचा, या डब्याचा आता वेगळा व्हिसा काढा.

विरजण हवं असलं की मात्र खदिजाभाबी रिकामी वाटी पाठवायची. सोबत निरोप नसायचा. “रिकामं भांडं येतं ते मागायलाच गो,” ती म्हणायची, “त्याला तोंड कशाला पायजे?” वाटी दिसली की शाजिया मुकाट्याने फ्रीज उघडायची.

तर त्या दुपारी शाजिया डबा घेऊन लिफ्टजवळ उभी राहिली. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून तौकीरच बाहेर आला. अंगावर साइटची धूळ, कपाळावर घाम, आणि पोटाशी धरलेलं काहीतरी टॉवेलात गुंडाळलेलं. डबा तसाच हातात घेऊन शाजिया त्याच्यामागून घरात परतली.

तौकीर एका कंत्राटदाराकडे फोरमन होता. त्या दिवसांत झल्लाककडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला एका बंगल्याच्या पायाचं खोदकाम चालू होतं. त्याने टॉवेल ओट्यावर सोडला. आत एक मडकं होतं. तांबूस, पोटाला फुगीर, मोठ्या कलिंगडाएवढं. तोंडावर एक वाडगा पालथा घातलेला आणि त्याच्या कडेने पांढरं काहीतरी लिंपलेलं.

“मिठातले आंबे घालायला पायजे होतं ना तुला? काचेच्या बरनीत चव येत नाय बोलतेस ना?”

“कुठं गावलं?”

“जेसीबी खनत होता, तिथं. हे एकच धड निघालं.”

“कोनाचं हाय पन?”

“कोनाचं असनार? जमिनीत होतं.” तो बूट काढत म्हणाला. मग आवाज खाली आणून, “कोनाला बोलू नको. जुनं काय गावलं हे सरकारात कळलं तर साइट बंद करतील. नि माझी नोकरी खलास.”

शाजियाने फार विचार केला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. आखातात मॉलमध्ये सोन्यासारखी चकाकणारी भांडी मिळतात, पण मातीचं जुनं मडकं मिळत नाही. तिने सुरीच्या पाठीने लिंपण खरवडायला घेतलं. ते निघता निघेना. कुणीतरी फार जपून लिंपलेलं होतं. बोटांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. बारीक, निमुळती बोटं. शाजियाने त्या खुणांवर आपलं बोट ठेवून पाहिलं तर ते नेमकं बसलं. त्या क्षणी तिचा हात थोडा अडखळला, हे तिला पुढे फार आठवत राहिलं. पण तेव्हा तिने सुरी जरा जोरात दाबली आणि वाडगा निघून आला.

आत माती होती. रव्यासारखी बारीक, मऊ, कोरडी. आखातात राहिलेल्या माणसाला मातीचं मोल विचारा! इथे कुंडीतली मातीसुद्धा पिशवीतून विकत आणावी लागते. शाजियाच्या बाल्कनीत एक कढीपत्त्याचं झाड होतं. गावाहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून, कपड्यांच्या घड्यांत लपवून आणलेलं. ते वर्षभर नुसतं जीव धरून होतं. तिने मडकं उचललं आणि सगळी माती कुंडीत उपडी केली.

मातीत काही पांढऱ्या कपच्या होत्या. पातळ, वजनाला काहीच नाहीत अशा. माशाचे काटे असावेत, असं तिला वाटलं. तिच्या माहेरी मासे धुतलेलं पाणी आणि काटे झाडांच्या बुडाशीच जातात, झाडं तरारतात. बरंच झालं, म्हणत तिने हाताने त्या कपच्या खाली दाबल्या. मातीत एक लाल मणीही सापडला, मसुरीपेक्षा थोडा मोठा. तो तिने काळ्या दोऱ्यात ओवून झोयाच्या मनगटाला बांधला. झोया तिची एकुलती एक मुलगी, पहिलीत जाणारी. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर यायचं इंग्रजीतच.

मडकं धुऊन बाल्कनीत वाळत ठेवलं होतं. झोयाने त्यात एक पाय घालून पाहिला आणि ओठ काढला. “मम्मा, आय डोन्ट फिट!”

“मावशील कशी गो बाय?” शाजिया हसली. “तू केवढी नि मडकं केवढं!”

मनामाच्या बाजारातून कैऱ्या आणून शाजियाने मडक्यात मीठ-पाण्यात घातल्या आणि मडकं स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलं. कढीपत्त्याच्या झाडाने तर कमाल केली. बघता बघता ते हिरवंगार झालं, पान न् पान तेलाने पुसल्यासारखं चमकायला लागलं. डाळीला, बांगड्याच्या साराला, कशाकशाला शाजिया ती पानं घालू लागली. खदिजाभाबीकडे डब्यातूनही एक जुडी गेली. इतर मुलं ताटातला कढीपत्ता वेचून बाजूला काढतात; झोया तो आधी खायची. पुढेपुढे ती बाल्कनीत जाऊन कच्ची पानंच तोडून चघळायला लागली. पोरीच्या पोटात पालेभाजी जात नाही म्हणून रोज कटकट करणाऱ्या आईला यापेक्षा काय हवं?

मग उन्हं वाढली. बहारिनची उन्हाळ्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसीची एकसुरी घरघर, आणि त्या घरघरीच्या खाली एक शांतता असते, ती रात्रीपेक्षाही गडद वाटते. अशाच एका दुपारी शाजियाचा डोळा लागत होता, तेव्हा तिला आवाज ऐकू आला.

थप... थप... थप...

मऊ, संथ. तिला वाटलं, वरती खदिजाभाबी भाकरी थापते आहे. मग आठवलं, भाबी तर हूराला बहिणीकडे गेली आहे. ती उठून स्वयंपाकघराकडे गेली. ती दारात पोचली आणि आवाज थांबला. ओट्याखाली मडकं होतं, आणि मडक्याला टेकून झोया फरशीवर झोपली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, हनुवटी गुडघ्यांवर, दोन्ही मुठी गळ्याशी. हवेत खारवलेल्या कैरीचा वास असायला हवा होता. वास येत होता दुधाचा. अंगावर पिणाऱ्या पोराच्या गळ्याच्या घडीला येतो तसा, किंचित आंबूस.

“इथं का झोपलीस गो? गादीवर झोप ना.”

“शी पॅट्स मी हिअर,” झोया डोळे न उघडता म्हणाली.

“कोन?”

शाजियाने तिला उचलून खोलीत नेलं. पोरगी झोपेत बरळते, असं तिने स्वतःला समजावलं. त्यानंतर थापटल्याचा तो आवाज रोज दुपारी येऊ लागला. मूल झोपवताना आई पाठीवर थोपटते, ती लय. स्वतः आई असलेल्या बाईला ती ओळखायला वेळ लागत नाही, पण ओळखलेलं कबूल करायला लागतो. मडक्यातलं पाणी कमी होत होतं. तौकीर म्हणाला, पाझरत असेल. शाजियाने खाली हात फिरवून पाहिला. फरशी कोरडी ठणठणीत होती.

सुट्टी लागण्याआधी शाळेने मुलांना म्युझियम दाखवायला नेलं. सोबतीला काही आया हव्या होत्या, शाजियाने नाव दिलं. तिथल्या एका दालनात जुन्या काळातली साठवणीची भांडी मांडली होती. वाट दाखवणारी तरुण बहारिनी मुलगी हौसेने सांगत होती. हे धान्याचं, हे तेलाचं, यात खजुराचा पाक ठेवत, हे जहाजातून दूरवरून आलेलं. कुठल्या मडक्याच्या आतून डांबर लावलेलं, पाणी पाझरू नये म्हणून. शाजियाला मजा वाटत होती. हजारो वर्षांपूर्वीच्या बायकाही उद्याची तरतूद करून ठेवत होत्या, मुंग्यांपासून, उंदरांपासून जपत होत्या. आपल्यासारख्याच की.

दालनाच्या टोकाला काचेच्या पेटीत एक मडकं आडवं ठेवलेलं होतं. तांबूस, पोटाला फुगीर. एक बाजू फुटलेली, त्यामुळे आतलं दिसत होतं. आत पातळ पांढऱ्या कपच्या होत्या, पण इथे त्या जागच्या जागी होत्या, आणि म्हणून त्या काय आहेत हे कळत होतं. गुडघे पोटाशी. हनुवटी गुडघ्यांवर. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की अगदी तान्ही मुलं दगावली तर त्यांना वेगळं थडगं नसे. घरातल्याच साठवणीच्या मडक्यात ठेवून, तोंड लिंपून पुरत.

शाजियाने पाटी पुन्हा वाचली. तिला आठवली ती लिंपणातली बोटं. कुणी लिंपलं असेल ते, हे सांगायला पाटीची गरज नव्हती. घरातलं सगळ्यात चांगलं मडकं रिकामं करून, त्यात आपलं लेकरू ठेवून, त्या बाईने तोंड लिंपलं होतं. आणि आपण ते सुरीने खरवडलं. लेकराला कुंडीत ओतलं. वर हाताने दाबलं.

झोयाने काचेवर तळवा ठेवला होता. “मम्मा,” ती मोठ्याने म्हणाली, “दॅट्स अवर मटका!”

वाट दाखवणारी मुलगी वळली. “तुमच्याकडे असं आहे?” तिने हसत इंग्रजीत विचारलं.

हा एक क्षण होता. खरं सांगितलं असतं तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. त्या मुलीने कुणाला तरी बोलावलं असतं, जाणत्या माणसांनी कुंडीतलं कण न् कण वेचून काढलं असतं. शाजियाच्या तोंडापर्यंत शब्द आलेही. पण तिला तौकीर दिसला, त्याची नोकरी दिसली, विमानतळावर सामानाच्या ढिगाशेजारी उभी असलेली झोया दिसली.

“नो, नो,” ती हसली. “साधा पाण्याचा माठ आहे.”

ते हसू घरी येईपर्यंत तिच्या गालांवर चिकटून राहिलं होतं. घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. किती दिवस खाल्लं आपण? डाळीत, सारात, फोडणीत... त्या झाडाला दुसरं खत घातलंच नव्हतं.

उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यामुळे तौकीर बाराच्या सुमारास घरी आला. शाजियाने त्याला दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बसला आणि त्याने टोपी तोंडावर धरली.

“आनखी होती ना तिथं?” तिने विचारलं.

“...होती.”

“त्यांचं काय केलंत?”

“फुटलेली होती गो. जेसीबीखाली.” त्याने टोपी खाली घेतली. “वर काँक्रीट ओतलं.”

“तुमाला म्हायती होतं?”

“नाय... म्हंजे... संशय आला होता.” त्याने वर पाहिलं नाही. “मी दुसरीकडं बगितलं. एक धड होतं ते घरी आनलं. मना वाटलं, एवढं तरी वाचवावं.”

शाजिया त्याच्यावर ओरडणार होती, पण ओरडायला तोंड कुठे होतं? त्याने जमिनीतून काढलं होतं. रिकामं तिनेच केलं होतं.

तिने मडक्यातल्या कैऱ्या फेकल्या, मडकं पुन्हा पुन्हा धुतलं. बाल्कनीत चादर अंथरून दोघांनी कुंडी उपडी केली. झाड सहज निघालं, पण मुळं साध्या मुळांसारखी नव्हती. ती मातीतल्या प्रत्येक कपचीभोवती वळली होती, आरपार गेली होती. शाजिया एकेक मूळ नखाने सोडवत होती आणि पुटपुटत होती, “माफ कर रे बाळा, माफ कर.” मुलगा की मुलगी हेही तिला माहीत नव्हतं. पिठाच्या चाळणीने माती चाळली. वेचून वेचून जेवढं मिळालं तेवढं मडक्यात भरलं. झोयाच्या मनगटातला दोरा कापून मणीही आत ठेवला. झोया रडली नाही, नुसती बघत राहिली.

मडकं पुरतं भरलं नाही. वरची जागा मोकळीच राहिली. पाण्याबरोबर वाहून गेलं, मुळांनी शोषलं, पानात आलं, आणि पानातून... शाजियाने तो विचार तिथेच थांबवला.

“चल, यल्ला,” तौकीर म्हणाला. “उनं हायत तवरच जाऊ. साइटवर कोनी नसेल.”

“असं कमी देऊ परत?”

तिने मूठभर तांदूळ आणले, थोडी साखर, दोन खजूर. रीत ती रीत. मग ती कपाटापाशी गेली आणि तळाच्या कप्प्यातून झोयाचं पहिलं झबलं काढलं. मऊ, धुऊन धुऊन पिवळसर झालेलं. त्या लेकराच्या अंगावर चिंधीसुद्धा उरली नव्हती, हे तिला सहन होत नव्हतं. तिने झबल्याची घडी करून मोकळ्या जागेत बसवली. वर वाडगा पालथा घातला आणि दमाच्या हंडीला लावतात तशी कणीक कडेने लावून तोंड बंद केलं.

आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आलं नाही. मेलेल्याला आपण माती देतो, फूल देतो. शेजारणीला भरून देतो तसं भांडं भरून देत नाही.

झल्लाकच्या रस्त्याला गाडी वळली. दर शुक्रवारी समुद्रावर जाताना ते याच रस्त्याने जायचे, आणि बाजूला दिसणारे ते उंचवटे म्हणजे मातीचे ढिगारे आहेत असं शाजिया समजायची; ती मोठ्या माणसांची जुनी थडगी आहेत, हे म्युझियममध्ये कळलं. साइटवर खरोखरच कुणी नव्हतं. मूळच्या जागी काँक्रीट होतं, पांढरंफटक, उन्हात डोळे दिपवणारं. तौकीरने कुंपणापलीकडच्या एका उंचवट्याच्या पायथ्याशी खड्डा केला. झोया गाडीत एसी लावून बसली होती. मडकं आत ठेवून दोघांनी माती लोटली. शाजियाला येत होत्या त्या दुआ तिने म्हटल्या. ज्यांचं लेकरू होतं ते कुठल्या देवाला मानत होते, कुणास ठाऊक.

शेवटी तिने माती हाताने थापून सारखी केली. थप, थप, थप. मग हात उचलला.

थप... थप...

तौकीरने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

“वारा असंल,” तो म्हणाला. पानही हलत नव्हतं, आणि हलायला तिथे पान नव्हतंच.

पुढचे काही दिवस घर शांत होतं. दुपारचा आवाज थांबला. दुधाचा वास गेला. शाजियाला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं. झोया जेवायला बसली की ताटात काहीतरी शोधायची. “व्हेअर आर द लीव्ह्ज?” विचारायची आणि ताट सरकवायची. झोपायची ती तशीच, गुडघे पोटाशी घेऊन. शाजिया तिचे पाय सरळ करायची. थोड्या वेळाने बघावं तर पोरगी पुन्हा तशीच.

एकदा डबा द्यायला वर गेली असताना तिने सहज विचारावं तसं विचारलं. “भाबी, भांडं परत देताना... आपल्या हातून काही कमी गेलं तर?”

खदिजाभाबी वाटाणे सोलत होती. “म्हंजे?”

“म्हंजे, जेवढं आलं होतं तेवढं नाय दिलं परत. सांडलं. पन वर दुसरं काही घातलं, चांगलं.”

“दुसरं घातलंस तर ती घेईल, खूश होईल,” भाबी म्हणाली. “पन भांड्यात किती होतं ते बाईमानसाला म्हायती असतं गो. बोलून दाखवत नाय एवढंच.” मग तिने मान वर केली. “कोनाचं भांडं? माझं तर नाय ना?” आणि हसली.

शाजियाही हसली. म्युझियममध्ये हसली होती तशीच.

शाळेला सुट्टी लागली. त्या दिवशी तौकीरला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं होतं. दुपार टळटळीत, पडदे ओढलेले. झोया आत झोपली होती. दारावरची बेल वाजली नाही. कुणीतरी दाराबाहेर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज तेवढा आला. शाजियाला वाटलं, भाबीचा डबा. तिने दार उघडलं.

पायपुसण्यावर मडकं होतं.

तेच, असं तिला क्षणभर वाटलं. तांबूस, पोटाला फुगीर. पण ते तिच्या कंबरेपर्यंत येत होतं. रांजणच म्हणायचा. माती अजून ओली, गडद. तोंड रुंद, त्यावर वाडगा नाही, लिंपण नाही. शाजियाने काठाला धरून आत पाहिलं. आतल्या ओल्या भिंतीवर गोल गोल बोटं फिरवल्याच्या खुणा होत्या. बारीक, निमुळती बोटं. तळाशी झोयाचं झबलं अंथरलेलं होतं, आता ते उशीएवढंच वाटत होतं. त्यावर ना तांदळाचा दाणा होता, ना साखरेचा. बाकी सगळं रिकामं होतं, आणि त्या रिकामेपणातून दुधाचा वास येत होता.

गॅलरीत कुणीही नव्हतं. जिन्यावर पावलं नव्हती.

रिकामं भांडं येतं ते मागायलाच. त्याला तोंड कशाला पाहिजे? काय मागितलं आहे हे शाजियाला कुणी सांगावं लागलं नाही. परत देताना काय कमी पडलं होतं, ते तिला माहीत होतं. ते कुठे गेलं, रोज मुठीमुठीने कुणी चघळलं, हेही माहीत होतं. तिला त्या बाईचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्या बाईच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं.

मागे अनवाणी पावलं वाजली. झोया झोपेतून उठून आली होती, केस विस्कटलेले, एका गालावर उशीची वळी उमटलेली. आईच्या हाताखालून वाकून ती पुढे झाली. तिने रांजणाच्या काठावर हनुवटी टेकवली, आत पाहिलं आणि खूप दिवसांनी मनापासून हसली.

“मम्मा,” ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मराठीत म्हणाली, “आता मावतंय की मी.”

शाजियाने तिला दोन्ही हातांनी खेचलं, दार लोटलं, कडी घातली आणि पाठ दाराला टेकवून खालीच बसली. झोयाचं डोकं तिने छातीशी इतकं घट्ट धरलं की पोरगी कण्हली. एसीची घरघर चालू होती. “नाय,” शाजिया म्हणत होती, “नाय... ही माझी हाय... माफ कर मला... पन ही माझी हाय...”

दारापलीकडून मऊ, संथ आवाज सुरू झाला. थप... थप... थप... मुलाला पाळण्यात घालायच्या आधी आई हाताने अंथरूण थापून सारखं करते, तसा. ओट्याखाली नाही, अगदी दाराला लागून. आणि आईच्या कुशीत झोयाने डोळे मिटले, हळूच गुडघे वर घेतले आणि पोटाशी आवळून धरले.